पाठीचे खाते

मुंबईच्या व्यापाराची वर्णने इतिहासात पुष्कळ आढळतात. पेढीच्या चोपड्यांत मालाचा हिशेब चोख असे. तो माल ज्या पाठींवरून गेला, त्यांचे खाते मात्र कोणी उघडले नाही.

'हमाल' हा शब्द अरबीतला. मूळ अर्थ वाहून नेणारा. 'माथाडी' हा आपला, माथ्यावरून आलेला. मस्जिद बंदराच्या बाजारात हे काम करणारे पुष्कळसे सातारा, पुणे जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यांतून आलेले. पोते 100 किलोचे. बहुधा उचलणारापेक्षा जड!

मी शाळेत मुलांना तरफ शिकवतो. वाकून ओझे उचलणारा माणूस म्हणजे तरफच होय. टेकू कमरेच्या मणक्यांपाशी. हातांतले ओझे पुढे लांब. त्याला तोलून धरणारे स्नायू मात्र टेकूच्या मागे दोन-तीन बोटांवर. त्यामुळे स्नायूंना ओझ्याच्या कितीतरी पट ओढ घ्यावी लागते, आणि तो सारा दाब मणक्यांमधल्या चकतीवर येतो. हमालाला हे धड्यावाचून ठाऊक होते. म्हणून दोघे पोते उचलून देत आणि तिसरा ते अगदी अंगालगत, पाठीवर घेई. पण दिवसभराच्या खेपांपुढे कसबही हरते. चकती सरकते, नस दाबली जाते, पायात कळ उतरते.

अशा माणसाने दाद मागावी कोणाकडे? व्यापारी म्हणे, हा टोळीचा. टोळीचा मुकादम म्हणे, हा बाजाराचा. पाठ त्याची, म्हणून दुखणेही त्याचेच! पुण्यात डॉक्टर बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत सातारा जिल्ह्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र आणले. त्यातून 1969 साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. मालक आणि मजूर दोघांचीही मंडळाकडे नोंद होऊ लागली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि तिच्यावर मालकाकडून घेतलेल्या रकमेतून भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी यांची सोय झाली. ज्याला धनी नव्हता, त्याला निदान दाद मागायला दार मिळाले.

ओझे मात्र तेवढेच राहिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली ओझ्याविषयी करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सांगितली. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवली ती 2010 साली. मध्ये 43 वर्षे गेली. म्हणजे एका हमालाचे सारे उमेदीचे आयुष्य.

आता धान्याची 50 किलोची पोती सर्रास दिसतात. एका पोत्याची दोन करायला ताग आणि सुतळी थोडी जास्त लागते, एवढाच काय तो खर्च. दिवाळीच्या फराळाचा रवा, साखर, बेसन आपल्या घरी येण्याआधी कोणाच्या तरी पाठीवरून आलेले असते. पोते फाटले तर शिवता येते. मणक्याला टाका घालून तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.