यंत्रांतर

पेशवे दफ्तरातील मोडीचे रुमाल आपणा सर्वांच्या ऐकिवातले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, अक्षरही वळणदार. परंतु मोडी वाचणारा मनुष्य जवळ नसेल तर ते सारे रुमाल मुके. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले, तेव्हा कुठे ते सामान्य अभ्यासकाशी बोलू लागले. लेख जपणे ही एक गोष्ट आणि तो वाचता येईल असा जपणे ही दुसरी.

मोडी मागे पडायला काही शतके जावी लागली. संगणकाच्या जगात हाच प्रसंग दहा-पाच वर्षांनी ओढवतो. जुन्या संगणकावरील फाइली आणि आज्ञावल्या नव्यावर नेणे हे आज दुकानदाराकडे सोपवण्याचे किरकोळ काम वाटते. वस्तुत: या यंत्रांतराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. यंत्र घेणाऱ्याने त्यात जी बुद्धी आणि जे श्रम ओतलेले असतात, त्यांची किंमत यंत्राहून अधिक असते, हा त्या इतिहासाचा गाभा होय.

आरंभी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. फाइल म्हणजे नोंद. खुणांचा संकेत ठाऊक असला की ती वाचता येते. आज्ञावलीचे तसे नाही. ती एका विशिष्ट यंत्राला दिलेल्या हुकमांची माळ असते. आयबीएम कंपनीने १९५९ साली १४०१ या नावाचा संगणक बाजारात आणला. असे दहा हजारांहून अधिक संगणक बँका, विमा कंपन्या आणि कारखाने यांच्याकडे गेले. हे यंत्र आकडे एकेक अंक करून मोजी आणि आकडा कोठे संपला हे एका विशेष खुणेवरून ओळखी. त्याच कंपनीचे शास्त्रीय गणिताचे ७०९० हे यंत्र ३६ द्विमान अंकांचा ठरीव गट एकदम हाताळी. एकाची आज्ञावली दुसऱ्याला परकी. धंदा वाढला म्हणून मोठे यंत्र घ्यावे, तर पगारपत्रकापासून खतावणीपर्यंतच्या साऱ्या आज्ञावल्या नव्याने लिहिणे आले.

या जाचातून सोडवणूक करण्यासाठी कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम ३६० हे यंत्रकुल जाहीर केले. जीन ॲमडाल, फ्रेड ब्रूक्स आणि गेरिट ब्लाउ हे त्याच्या रचनेचे शिल्पकार. लहान यंत्रावर लिहिलेली आज्ञावली त्याच कुळातील मोठ्या यंत्रावर जशीच्या तशी चालावी, ही त्यातली प्रतिज्ञा. पुढच्यांची सोय झाली. परंतु आधीच्या १४०१ वाल्यांचे काय? ती नड प्रतिस्पर्ध्याने अचूक हेरली होती. हनीवेल कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये आपले २०० हे यंत्र जाहीर केले आणि सोबत १४०१ च्या आज्ञावल्यांचे रूपांतर करून देणारी एक आज्ञावलीही देऊ केली. तिचे नाव ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता! आयबीएमने याला निराळ्याच युक्तीने उत्तर दिले. ३६० कुळातील लहान यंत्राच्या पोटात अशा सूक्ष्म आज्ञा बसवल्या, की वेळ पडल्यास ते हुबेहूब १४०१ सारखे वागावे. हनीवेलचा मार्ग भाषांतराचा, आयबीएमचा मार्ग सोंगाचा. आजतागायत यंत्रांतराचे हेच दोन मुख्य मार्ग राहिले आहेत.

सोंगाचा मार्ग सुखाचा खरा. पण त्याची एक किंमत असते. आज्ञावली न उघडता नेली की तिच्यातील जुन्या सवयीही निमूटपणे सोबत येतात. ८० रकान्यांच्या छिद्रपत्रावर जागा वाचवावी म्हणून वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची पद्धत पडली होती. छिद्रपत्रे गेली, यंत्रे गेली, पद्धत मात्र घराण्यातील दोषासारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २००० साल उजाडण्यापूर्वी ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे यंत्रांना समजावण्यासाठी जगभर अफाट खर्च करावा लागला, तो याच वारशापायी.

भाषांतराच्या मार्गाचा आपल्या मुंबईशी निकटचा संबंध आहे. सर्व यंत्रांना समजेल अशी एक व्यापारी भाषा असावी, या हेतूने अमेरिकेत कोबोल ही भाषा सिद्ध झाली आणि डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली. तरी मराठी एक असून वऱ्हाडी आणि मालवणी वेगळ्या पडतात, तसे कोबोलचेही यंत्रागणिक वळण बदलले. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेकडे १९७४ च्या सुमारास असेच एक काम आले. अमेरिकेच्या बरोज कंपनीची रुग्णालयांच्या हिशेबाची आज्ञावली तिच्या एका यंत्रमालिकेच्या कोबोलमधून दुसऱ्या मालिकेच्या कोबोलमध्ये उतरवायची होती. आणि मौज अशी की, हाताशी बरोजचे यंत्रच नव्हते. होते ते ब्रिटिश बनावटीचे आयसीएल १९०३. तेव्हा बरोजची नक्कल करणारी एक चाळणी त्याच यंत्रावर रचून मुंबईकरांनी काम पुरे केले. भाषांतर करण्यासाठी आधी सोंग आणावे लागले! भारताच्या संगणकीय निर्यातीच्या प्रारंभीच्या कामांत एक यंत्रांतर असावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

वेळीच यंत्रांतर न केल्यास काय होते, याचे उदाहरण इंग्लंडात घडले. विल्यम राजाने १०८६ साली करवलेल्या ‘डूम्सडे’ या जमीनपाहणीला ९०० वर्षे झाली, म्हणून १९८६ साली बीबीसीने नवी पाहणी केली. शाळकरी मुलांसह सुमारे दहा लाख लोकांनी आपापल्या गावांची माहिती व छायाचित्रे पाठवली. ती लेझर तबकड्यांवर साठवली गेली. परंतु त्या तबकड्या वाचणारी यंत्रे लवकरच दुर्मिळ झाली. पंधरा-सोळा वर्षांत अशी पाळी आली की, ९०० वर्षांपूर्वीचे चर्मपत्र सुखाने वाचावे आणि कालची तबकडी मुकी असावी! लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी २००२ साली जुन्या यंत्राचे सोंग नव्या संगणकावर उभे करून ती माहिती बोलती केली.

परक्यांना हसण्याचे मात्र कारण नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळवला जाऊ लागला, तेव्हा प्रत्येक अक्षरसंचाने आपापला खाजगी संकेत ठरवला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले गेले. अक्षरसंच नाहीसा झाला की त्या फाइलीत मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक सडा दिसतो. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली भारतीय लिप्यांचा समान संकेत प्रसिद्ध केला आणि त्याच साली जागतिक युनिकोड संकेताची पहिली आवृत्ती निघाली; तिच्यातील देवनागरीची मांडणीही आपल्याच १९८८ च्या संकेतावर आधारलेली आहे. म्हणजे वाट होती; पण खाजगी पायवाटेने पुष्कळ मजकूर गेला तो गेलाच. ग्रंथालयांच्या याद्या, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक असे कितीतरी साहित्य आजही त्या जुन्या संकेतांत अडकून पडले आहे. त्याचे रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु जोडाक्षर कोठे फुटले, रफार कोणाच्या डोक्यावरून कोणाच्या डोक्यावर गेला, हे पाहायला अखेर मराठी जाणणारा डोळाच लागतो.

या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच की, नोंद पेटीत कुलूपबंद ठेवून टिकत नाही. ती पुढच्या हाती देत राहिल्याने टिकते. पोथीची नवी प्रत जुनी जीर्ण होण्यापूर्वी करावी, हा धडा आपल्या लेखकूंना ठाऊक होता. संगणकाच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे लागते: जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्यातील प्रत्येक फाइल खुल्या, सर्वमान्य संकेतात उतरवून ती नव्यावर उघडून, वाचून, ताडून पाहावी. हे काम कंपन्यांचे नव्हे. ज्यांच्या त्या नोंदी आहेत त्यांचे, म्हणजे गावोगावच्या संस्थांचे आणि आपले आहे. जुने यंत्र चालू आहे तोवर ते एका दुपारचे काम असते. बंद पडल्यावर तेच संशोधकाच्या आयुष्याचे होते.