आतली फीत आणि बाहेरची फीत

पुण्यात शिकत असताना एकदा पेशवे दप्तर पाहण्याचा योग आला होता. मोडी लिपीतील कागद कापडात बांधून ठेवलेले. त्या गाठोड्याला तिथे ‘रुमाल’ म्हणतात. असे हजारो रुमाल. रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. दप्तर दाखवणारे गृहस्थ जाता जाता म्हणाले, “कागद सापडत नाही म्हणजे तो नष्टच झाला असे समजू नका. बहुधा कुणीतरी तो बाहेर काढलेला असतो आणि परत बांधताना भलत्याच रुमालात घातलेला असतो.” त्या वयात हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. त्याचा अर्थ कळायला तीस वर्षे आणि महाराष्ट्राबाहेरील एक नेमणूक लागली.

त्या नेमणुकीत माझ्याकडे पूर्व किनाऱ्यावरील एका राज्यातील निवृत्तिवेतनाच्या संगणकीय अभिलेखांची जबाबदारी होती. वातानुकूलित खोलीत कपाटाएवढे एक यंत्र उभे होते. त्यात चाळीस खण, प्रत्येक खणात तळहाताएवढी चुंबकीय फितीची एक डबी, डबीवर बारकोड. आणि मध्ये वरखाली फिरणारा यांत्रिक हात. ही स्वयंचलित टेप लायब्ररी. हवी ती डबी तो हात नेमकी उचलून वाचनयंत्रात घाली आणि काम संपताच पुन्हा जागेवर ठेवी. भलत्या रुमालात कागद बांधण्याची शक्यता आता संपली, असे मला पहिल्या दिवशी मनापासून वाटले होते.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगायला हवा. संगणकीय फितीचे पहिले मोठे ग्राहक सरकारी खातेच होते, ही गोष्ट आम्हा प्रशासकांना आवडावी अशी आहे. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याने ‘युनिव्हॅक’ हा संगणक घेतला, त्याची फीत निकेलचा मुलामा दिलेल्या धातूची होती. पुढच्याच वर्षी आयबीएमने प्लॅस्टिकच्या फितीचे ‘७२६’ हे यंत्र आणले. एका रिळावर सुमारे २० लाख अंक मावत. आपल्याकडे १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला, आणि देशभरातील संशोधकांची कामे तिथे होऊ लागली. १९७९ पासून हैदराबादजवळ शादनगरच्या केंद्रात लँडसॅट उपग्रहाची चित्रे फितींवर उतरू लागली.

या सगळ्या काळात फितींचा सांभाळ माणूस करीत असे. त्या पदाचे नावच मुळी ‘टेप लायब्ररियन’ असे होते. रिळे रॅकवर उभी ठेवायची, नोंदवहीत लिहायची, मागणी आली की काढून द्यायची आणि परत आली की टिपून घ्यायची. रिळाच्या मागे प्लॅस्टिकची एक कडी असे. ती बसवलेली असेल तरच त्या रिळावर लिहिता येई. कडी काढून घेतली की मजकूर सुरक्षित. म्हणजे पुसण्याचा अधिकार एका कडीत होता, आणि ती कडी एका माणसाच्या हातात.

पुढे हा माणूस हळूहळू बाजूला सरला. १९७४ मध्ये आयबीएमने ‘३८५०’ ही यंत्रणा जाहीर केली. मधमाशांच्या पोळ्यासारखे खण आणि त्यांत फितीच्या छोट्या नळ्या, अशी तिची रचना. १९८४ मध्ये रिळाऐवजी चौकोनी डबी आली. १९८७ मध्ये स्टोरेजटेक कंपनीने बाराकोनी कोठारासारखी लायब्ररी आणली. तिच्यात सुमारे ६००० डब्या मावत, आणि यांत्रिक हातावरील कॅमेरा डबीचे लेबल वाची. २००० साली एलटीओ नावाची, अनेक कंपन्यांना समाईक असलेली फीत आली. पहिल्या पिढीच्या डबीत १०० गिगाबाइट मजकूर मावे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट मावतो.

आता मूळ मुद्दा. लायब्ररीला फक्त आतली फीत दिसते. यंत्राचा दरवाजा उघडून बंद केला की तो हात एकेक खण तपासून बारकोड वाचतो आणि आपली यादी दुरुस्त करून घेतो. मात्र आग, पूर, चोरी यांचा विचार करून काही फिती दुसऱ्या इमारतीत ठेवाव्याच लागतात. त्यांच्या फिरतीची रूढ पद्धत ‘आजोबा, बाप, मुलगा’ या नावाने ओळखली जाते. रोजची फीत मुलगा, आठवड्याची बाप आणि महिन्याची आजोबा. मुलगा लवकर पुसला जातो, आजोबा दूरच्या घरी जपून ठेवायचा. देवघेवीच्या छोट्या खिडकीतून आजोबा बाहेर पडला की यंत्राचे ज्ञान संपते. पुढे सगळा भरवसा नोंदवहीवर, डबा नेणाऱ्या शिपायावर आणि कुलपावर.

आमची वर्षअखेरीची फीत कोषागाराच्या स्ट्राँग रूममध्ये जात असे. २००८ साली काहीशे निवृत्तांच्या थकबाकीचा प्रश्न निघाला. २००५ मध्ये संगणक प्रणाली बदलताना जुन्या कपातीचा एक रकाना नव्या प्रणालीत उतरलाच नव्हता, हे तेव्हा उघडकीस आले. मी निर्धास्त होतो. मार्च २००४ ची फीत बाहेर सुरक्षित आहे, असे आमची जावक नोंदवही सांगत होती. कोषागारात शोध घेतला, फीत नाही. महिनाभर कपाटे उपसली. शेवटी कुणीतरी तो बारकोड लायब्ररीच्या यादीत घालून पाहिला. फीत आमच्याच यंत्रात, अकराव्या खणात होती. तिच्यावरील मजकूर मात्र २००६ चा होता.

हे कसे झाले, त्याचा उलगडा आमच्या वृद्ध दप्तरीच्या वहीने केला. सरकारी नोंदवहीवर त्याचा विश्वास नसावा. बाहेर गेलेला आणि परत आलेला प्रत्येक डबा तो स्वतःच्या वहीत टिपून ठेवी. २००६ मधील एका तारखेपुढे त्याने लिहिले होते : अकरा डब्या परत आल्या, साहेबांच्या हुकुमाने. हुकूम कोणता, म्हणून फाइल मागवली. नव्या फितींसाठी पैसे नव्हते. ‘मुदत संपलेल्या’ अकरा फिती बाहेरून मागवून पुन्हा वापराव्यात, अशी टिपणी त्यात होती. खाली ‘मान्य’ आणि सही. सही माझी होती.

विभागाच्या आदेशाप्रमाणे हे अभिलेख दहा वर्षे ठेवायचे होते. प्रणाली बसवताना मात्र कुणीतरी सर्व फितींना दोन वर्षांची सरसकट मुदत घातली होती. संगणकाच्या लेखी फीत ‘कोरी’ झाली होती, आणि यांत्रिक हाताने सांगितलेले काम बिनचूक केले. मुदत कुणी ठरवली, असा एक साधा प्रश्न मी त्या टिपणीवर लिहायला हवा होता. तो मी लिहिला नाही. उपकोषागारांतील कागदी प्रमाणकांवरून हिशेब पुन्हा उभा करायला आमच्या कारकुनांना तीन महिने लागले. तेवढ्या अवधीत यादीतील दोन वृद्धांचे निधन झाले. त्यांचे पैसे वारसांना मिळाले. परंतु आपले म्हणणे खरे होते, हे ऐकायला ते दोघे उरले नाहीत.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, नासाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. चंद्रावरील पहिल्या पावलाच्या मूळ चित्रणाच्या फिती सापडत नव्हत्या. त्या दूरच्या अभिलेखागारात ठेवलेल्या होत्या. नंतर फितींचा तुटवडा पडला तेव्हा बाहेरून परत मागवून, पुसून, पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा त्याचा निष्कर्ष होता. बातमी वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. तिथेही कुणीतरी एका टिपणीवर ‘मान्य’ लिहिले असेल.

बाहेरच्या फितीला दुसरा धोका वाटेतला. बँक ऑफ अमेरिकेच्या काही फिती विमानाने दुसऱ्या केंद्रात नेताना गहाळ झाल्या. सुमारे १२ लाख अमेरिकी केंद्रीय कर्मचाऱ्यांची माहिती त्यांत असल्याचे २००५ मध्ये जाहीर करावे लागले. मजकूर सांकेतिक करून लिहिण्याची सोय फितीच्या यंत्रातच, एलटीओच्या चौथ्या पिढीत, २००७ पासून आली. पण याच बाहेरपणाचे सामर्थ्यही मोठे आहे. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या थोड्या ग्राहकांची पत्रे एका सदोष बदलामुळे नाहीशी झाली, आणि डिस्कवरील सर्व प्रतींत तो दोष पोहोचला. पत्रे परत मिळाली ती फितींवरून. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हाही, हल्ल्याच्या कचाट्यात न सापडलेल्या एका राखीव सर्व्हरवरूनच रुग्णांची माहिती परत मिळवता आली. जी प्रत जोडलेली नसते, तीच वाचते.

कायदा याबाबत मुका नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकाने निर्माण केलेले साहित्यही अभिलेखच मानले आहे, आणि विहित रीतीखेरीज अभिलेख नष्ट करण्यास मनाई आहे. म्हणजे फीत पुसणे हा साहित्याच्या काटकसरीचा विषय नाही; तो अभिलेख नष्ट करण्याचा निर्णय आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० सांगतो की जपलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे वापरता येईल असा उपलब्ध असला पाहिजे. एलटीओची आठवी पिढी फक्त आपल्या लगतच्या मागील पिढीची फीत वाचते. तेव्हा फीत शाबूत आहे पण ती वाचणारे यंत्र भंगारात गेले, अशा कार्यालयाने काही जपले असे म्हणता येणार नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही काही नियम केले. कोषागारात जशी दुहेरी कुलपाची पद्धत असते, तशी फीत पुसण्यासाठी दोन सह्या लागतील, आणि त्यांतली एक ज्या विभागाचा तो अभिलेख आहे त्याची असेल. फीत बाहेर जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा बारकोड वाचून नोंद होईल. कोणत्या फितीवर काय आहे ही यादी स्वतःच एका फितीवर बाहेर ठेवली जाईल. ती गेली तर उरलेल्या डब्या एकेक वाचत बसावे लागते. आणि दर तिमाहीला बाहेरची एक फीत चिठ्ठी टाकून निवडायची, आणून प्रत्यक्ष वाचून पाहायची. पहिल्याच तिमाहीत निवडलेल्या फितीवरचे लेबल गळून पडलेले निघाले. परीक्षा कामी आली.

दप्तरी पुढे निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मी त्याची वही कार्यालयासाठी मागून घेतली आणि तिला आवक क्रमांक दिला. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या माझ्या अनेक वाचकांच्या ताब्यात आज असेच एखादे यंत्र असेल. त्यांना एवढेच विचारतो : तुमची बाहेरची सर्वांत जुनी फीत शेवटची कधी वाचून पाहिली?