देणगी आणि तिच्या अटी

विद्यापीठाला कोणी काही देऊ केले, मग ती रोकड असो, इमारत असो की आजच्या काळातली संगणकांची जोडणी असो, देणाऱ्याच्या अटी कुठवर मानाव्यात हा प्रश्न जुनाच आहे. १९२० साली तो अण्णासाहेब कर्वे यांच्यापुढे मोठ्या अडचणीच्या वेळी उभा राहिला.

जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांना टपालाने आली, तेव्हा ती त्यांनी बाजूला ठेवून दिली होती. १९१५ च्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षीय भाषण तयार करताना ती पुन्हा हाती आली, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात महिला विद्यापीठ निघाले. निघाले खरे, पण सरकारमान्यता नाही, ‘गृहीतागमा’ या पदवीला बाजारात मोल नाही, विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. वर्गणीसाठी साठीतले अण्णा गावोगाव हिंडत होते.

अशा वेळी मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले. अटी होत्या. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव द्यावे. मुख्य कचेरी पुढे मुंबईस न्यावी. आणि मूळ रक्कम लगेच हाती न देता तिचे साडेतीन टक्क्यांनी होणारे व्याज, म्हणजे दरसाल ५२,५०० रुपये, मिळत राहील.

नाव विकले, असे कोणी म्हणू शकेल. प्रेमचंद रायचंदांनीही १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख दिले, आणि मनोऱ्याला आईचे, राजाबाईचे, नाव लागले. पण विद्यापीठाचे नाव होते तेच राहिले. इथे तर पाटीच बदलायची होती. तरीही मला ही अट हलकी वाटते. स्त्रियांच्या विद्यापीठाला एका आईचे नाव लागले, यात गेले काय?

अण्णांना जे सोडायचे नव्हते ते निराळे होते. मुलींनी मातृभाषेतून शिकावे, इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकावा, हे त्यांच्या विद्यापीठाचे मूळ सूत्र. मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली गेले असते तर मान्यता बसल्या जागी मिळाली असती, पण इंग्रजी माध्यमाच्या मोलाने. शेठजींच्या अटी नावाला आणि जागेला लागत होत्या. ती अट शिकवण्यालाच लागली असती. अण्णांनी एकीकडे होकार दिला आणि दुसरीकडे वर्षानुवर्षे बिनमान्यतेचे राहणे पत्करले, त्याचे मर्म मला या फरकात दिसते.

खरी जड अट तिसरी. व्याजावर चालणाऱ्या संस्थेला दरवर्षी दुसऱ्याच्या तिजोरीकडे पाहावे लागते. आणि दाता कायमचा नसतो; सर विठ्ठलदास तर देणगीनंतर थोड्याच वर्षांत निवर्तले. ज्याच्याशी बोलणे झाले तो माणूस गेला, की मागे उरतो तो कागद, आणि कागदाला भीड नसते. पण ५२,५०० रुपयांची दरसालची हमी नाकारून पुन्हा झोळी घेऊन हिंडा, हे सांगणे आपल्याला सोपे आहे.

पुण्याला चुटपुट लागली असेल ती दुसऱ्या अटीची. १९३६ मध्ये कचेरी मुंबईस गेली. त्याच वर्षी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि पुन्हा वर्गणी मागायला सुरुवात केली. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडले. मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या त्या सर विठ्ठलदासांच्या पत्नी, लेडी प्रेमलीला ठाकरसी.