माथेरानची पहिली पायवाट

इ. स. 1850 च्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौक गावी पडला होता, आणि कचेरीच्या कामातून सवड काढून समोरच्या डोंगराच्या रानात फेरफटका मारण्याची जी इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झाली, तिच्यातूनच पुढे माथेरान नावाचे गिरिस्थान उदयास आले. तथापि या स्थानाचा शोध त्यांनी लावला असे जे इतिहासात सर्रास लिहिले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. कारण ठाकूर, धनगर आणि कातकरी यांना त्या डोंगरावरील पाणवठे व पायवाटा पिढ्यान् पिढ्या ठाऊक होत्या, आणि साहेबांची पावले त्यांच्याच मुलखात पडली.

मॅलेट यांनी पुढे तेथे घर बांधले, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी स्थानाला उत्तेजन दिले, आणि 1907 साली नेरळहून छोटी आगगाडी वर आली. परंतु तांबड्या जांभ्या मातीची वाट, माथ्यावर जांभूळ-हिरड्यांची दाट सावली, आणि उन्हाळ्याच्या तोंडी अंजनीच्या फांद्यांना बिलगून फुललेले गर्द निळे झुबके, हे वैभव पायी चालणाऱ्यालाच यथार्थ दिसते. मोटारींना तेथे मज्जाव आहे, हे मोठे भाग्यच म्हणावयाचे. पाहुण्यांच्या मोटारी आजही दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि तेथून पुढे घोडा किंवा स्वतःचे पाय यांचा मोठा आधार असतो.