शाळेच्या मैदानातून कंपनीच्या संघात : महाड-पोलादपूरच्या कबड्डीपटूला कोणी निवडले?

१/ अमेरिकेत बास्केटबॉलमध्ये चमकणाऱ्या शाळकरी मुलाच्या घरी महाविद्यालयाचे प्रशिक्षक स्वतः जातात. शुल्क, निवास आणि भोजनाची हमी देऊन त्याला आपल्या संघात घेतात. महाड-पोलादपूरच्या कबड्डीपटूच्या दारात मात्र महाविद्यालय क्वचितच आले. त्याला हेरणारे वेगळेच होते. त्यांचा हा इतिहास. #धागा

२/ आधी अमेरिकेकडे पाहू. तेथील महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना (एनसीएए) १९०६ ची. खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास तिने १९५६ मध्ये मान्यता दिली. त्याच सुमारास ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द तिने रूढ केला. तो निरागस नव्हता.

३/ १९५५ मध्ये रे डेनिसन हा महाविद्यालयीन फुटबॉलपटू सामन्यातील दुखापतीने दगावला. पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली : तो महाविद्यालयाचा नोकर नव्हता. खेळाडू हवा, पण त्याला नोकर म्हणायचे नाही, असा हा व्यवहार होता.

४/ कोकणात नेमके उलट घडले. येथे खेळाडूला आधी नोकर केले गेले.

५/ सावित्रीच्या काठचे महाड आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे पोलादपूर. डोंगरउतारावरची तुटपुंजी भातशेती वर्षभर पोट भरत नसे. त्यामुळे घरटी एखादा पुरुष मुंबईत चाकरमानी असे. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका गावचे अनेक गडी तेथे भाडे वाटून घेऊन राहत.

६/ खेळाडूच्या भरतीची वाट याच खोलीतून गेली. भातकापणीनंतर गावोगावी हुतुतूचे सामने रंगत. दमदार चढाई करणारा किंवा पकडीत पक्का असलेला पोरगा चाकरमान्यांच्या नजरेत भरे. तो मुंबईत आला की मंडळाच्या संघात उतरे आणि तेथून एखाद्या आस्थापनेच्या नजरेस पडे.

७/ गिरण्या, बंदर, रेल्वे, बेस्ट, पोलीस आणि पुढे बँका व तेल कंपन्या या सर्वांनी संघ बांधले. स्पर्धांच्या पत्रिकांवर आजही दिसणारा ‘व्यावसायिक गट’ हा शब्द त्याच परंपरेतला. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव. पगार महिन्याचा आणि नोकरी कायम.

८/ दरम्यान खेळालाही संस्थात्मक रूप आले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला झाली. १९६१ मध्ये विद्यापीठीय आणि १९६२ मध्ये शालेय क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. शाळेतून महाविद्यालयात जाणारी वाट आता निदान कागदावर तयार होती.

९/ योगायोग असा की १९६१ मध्येच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय महाडमध्ये सुरू झाले. ज्या गावात १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे पदवीपर्यंतचे शिक्षण आले.

१०/ तरीही महाविद्यालय निवडीचे केंद्र झाले नाही. कारण साधे आहे. महाविद्यालय प्रवेश आणि आंतरमहाविद्यालयीन सामने देऊ शकत होते, तर आस्थापना पगार देत होती. घरी मनिऑर्डरची वाट पाहणारी माणसे असताना हुशार खेळाडूने पदवी पुरी करण्याआधी नोकरी पत्करली, यात नवल ते काय?

११/ मुलींसाठी ही वाट अधिक अरुंद होती. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून सुरू असली, तरी गावकीची खोली मुख्यतः पुरुषांची होती. मुंबईत राहायची सोय नाही, म्हणून कोणाच्या नजरेस पडणेही नाही. त्यांच्यासाठी शाळा आणि महाविद्यालयाचे मैदान हाच मोठा आधार होता.

१२/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरणगाव ओसरले, तशी कोकणातल्या पोराची ती जुनी पायवाटही पुसट झाली. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकले, तेव्हा गिरणगावात ती उतरती कळा सुरू होती.

१३/ २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली : १२.८ लाख रुपये. तो रेल्वेचा कर्मचारी होता. म्हणजे लिलावात चमकलेला खेळाडूही आस्थापनेच्याच पगारावर घडला होता. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २.६ कोटींवर गेली.

१४/ रक्कम वाढली, पण कराराची मुदत मोजक्या हंगामांची. कबड्डीत गुडघा कधी दगा देईल, याचा नेम नाही. गुडघा गेला तरी जुन्या चाकरमानी खेळाडूची नोकरी राही आणि निवृत्तिवेतन मिळे. मात्र शिक्षण अर्धवट राही. लिलाव यांपैकी कशाचीच हमी देत नाही.

१५/ अमेरिकेत जुलै २०२५ पासून महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. डेनिसनच्या पत्नीने विचारलेला प्रश्न तेथे सत्तर वर्षांनंतरही पूर्ण सुटलेला नाही. महाड-पोलादपूरच्या मैदानावर आज दम घुमवणाऱ्या मुलामुलींसाठी तोच प्रश्न आहे : निवडणारा खेळ संपल्यावर काय देणार, पदवी की नोकरी?