स्वमग्न मुलांचा 'नाद' आणि संशोधकाची वही

समजा, जेऊर स्टेशनवर तुम्हाला नऊ-दहा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा भेटला. नाव विचारलं तर बोलत नाही. पण भाळवणी, केम, ढवळस, कुर्डुवाडी अशी स्टेशनं ओळीने म्हणतो, आणि दिवसभर तेच. गावात कोणी याला नाद म्हणेल, कोणी खूळ. संशोधक म्हणून तुम्ही वहीत काय लिहाल, लक्षण की आवड? हा प्रश्न ८० वर्षांहून जुना आहे. त्याचा इतिहास थोडक्यात बघू.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. स्वमग्नतेवरचा हा पायाभूत लेख. त्यातला पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपी राज्यातला डोनाल्ड. त्याला धार्मिक प्रश्नोत्तरं घडाघडा पाठ होती. पण अशा पाठांतराचा संवादाला काही उपयोग नाही, असं कॅनरचं मत झालं.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी उलट बाजू मांडली: एकाच विषयात खोल जाणारी ही मुलं पुढे त्यातच काम करू शकतील. ऐकायला छान वाटतं. पण २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी कागदपत्रांतून दाखवलं, की याच अॅस्पर्गरनी काही अपंग मुलांना श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवलं होतं, आणि तिथे नाझी राजवटीत मुलं मारली जात होती. मुलाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरवली, की गोष्ट कुठवर जाते ते लक्षात ठेवा.

आता पुन्हा डोनाल्डकडे येऊ. १९४२ मध्ये त्याला एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. १९४५ मध्ये कॅनर तिथे गेले. त्यांनी जे पाहिलं ते १९७१ च्या पाठपुरावा लेखात आहे. डोनाल्डला मापं घ्यायचा नाद होता. म्हणून त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगायला लावलं. तो मक्याच्या ओळी परत परत मोजायचा. मग नांगरता नांगरता मोज, म्हणाले. नाद मोडला नाही, त्याला कामाशी जोडून दिलं. हे करणारे शेतकरी होते, थेरपिस्ट नव्हते. डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला.

प्रयोगांच्या भाषेत हे यायला मात्र वेळ लागला. १९९० च्या सुमारास वर्तनोपचारात मुलाचा नाद 'बक्षीस' म्हणून वापरायला सुरुवात झाली: आधी काम कर, मग तुझी वस्तू मिळेल. १९९८ मध्ये बेकर आणि कोगेल दांपत्याने एक पाऊल पुढे टाकलं. नकाशांचा नाद असलेल्या मुलासाठी त्यांनी देशाच्या नकाशावर शिवाशिवीचा खेळ रचला, आणि तो इतर मुलांबरोबर खेळू लागला.

२००५ मध्ये डायना मरी, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी प्रश्नच बदलला. मरी आणि लॉसन स्वतः स्वमग्न. त्यांच्या मते हा अवधानाचा वेगळा घाट आहे. रानात दहा सऱ्यांत सोडायचं पाणी एकाच सरीत वळवावं, तसं. ती सरी भरून वाहते, बाकीच्या कोरड्या राहतात.

आणि आपल्याकडे? अपंगत्व प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या 'इसा' या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यात असामान्य स्मरणशक्ती हाही एक मुद्दा आहे. म्हणजे मुलाची पाठांतराची ताकद त्याच्या अपंगत्वाच्या बेरजेत जाते. प्रमाणपत्राशिवाय सवलती मिळत नाहीत, त्यामुळे ही बेरीज लागतेच. पण आकडा कशाच्या स्मरणाचा आहे, हे त्या बेरजेतून कळत नाही.

म्हणून फील्डवर्कला जाल तेव्हा 'तेच ते बोलतो' एवढ्यावर थांबू नका. काय बोलतो, कोणापाशी बोलतो, आणि समोरच्याने त्याच विषयात उत्तर दिलं तर पुढे काय होतं, हे तिन्ही लिहा. तिसरा रकाना तयार फॉर्ममध्ये सहसा सापडणार नाही. तो तुम्हालाच आखावा लागेल.