द्वोर्झाकच्या सहा दुमका

११ एप्रिल १८९१, प्राग. पियानोपाशी बसतोय तो दाढीवाला माणूस म्हणजे अन्तोनीन द्वोर्झाक, नेलाहोझेवेस गावच्या खाटकाचा मुलगा. विद्यापीठाने त्याला नुकतीच मानद डॉक्टरेट दिली आहे आणि आजची मैफल त्याच्याच गौरवाची. व्हायोलिनवर फर्डिनांड लाखनर, चेलोवर हानुश विहान. तुम्ही पुढची जागा धरा. विहानचा गज तारेवर टेकताना होणारी खरखरही ऐकायला हवी.

पहिल्याच क्षणी चेलो हंबरडा फोडतो. त्या दुःखात तुम्ही शिरता न शिरता तोच लय एकदम दुप्पट होते आणि तुमचे पाय ठेका धरू लागतात. दुःख कुठे गेलं? कुणी काही सांगत नाही. नाच ऐन भरात असताना ओसरतो, आणि ते होतं तिथेच असतं.

ही दुमका. युक्रेनमध्ये कोब्झा वाजवत आंधळे गायक लढायांच्या आणि हरपलेल्या वीरांच्या कथा गात. हे नाव त्या परंपरेतून आलं. द्वोर्झाकने तिच्यात शोक आणि नाच समोरासमोर उभे केले. १८८७ च्या पियानो क्विंटेटमध्येही एक दुमका आहे. तिथे व्हिओलाला मिळालेली खोल, उदास ओळ ऐकताना आठवतं की हा माणूस तरुणपणी नाटकगृहाच्या वाद्यवृंदात व्हिओला वाजवत असे. पण तिथे चार भागांतला एकच भाग दुमकेचा होता. आज सहाच्या सहा भाग दुमका आहेत. जर्मन परंपरेने घालून दिलेला सोनाटाचा साचा त्याने पूर्ण बाजूला ठेवला आहे. मला हे त्याचं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

यात ओळखीचं लोकगीत शोधत बसू नका. सुरावटी त्याच्या स्वतःच्या आहेत. लोकांकडून त्याने घेतली आहे ती मनाची अचानक पलटण्याची रीत.

पहिल्या तीन दुमका न थांबता एकमेकींत शिरतात. तिसरीत पियानो इतकी साधी, एकेरी सुरावट वाजवतो की वाटतं, हे तर कुणालाही एका बोटाने जमेल. चौथीत चेलो कूच करणाऱ्याच्या संथ पावलांनी चालतो, आणि विहान ती ओळ अजिबात ओढूनताणून रडवत नाही. पाचवी वेगात निघून जाते. सहावीला द्वोर्झाक पुन्हा जड, संथ सुरांवर येतो आणि मग तिघेही सुसाट सुटतात.

पुढच्या वर्षी हेच तिघे ही रचना घेऊन बोहेमिया-मोरावियातल्या गावोगावी फिरतील. त्यानंतर द्वोर्झाक न्यूयॉर्कला जाईल. तो तिकडे असताना ती छापायला जाईल, तेव्हा तिची मुद्रितं तपासायला बसेल स्वतः ब्राम्स. सोनाटाच्या त्याच साच्याचा त्या काळातला सर्वांत थोर कारागीर.